गडी निवडण्याची विद्या

१९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओकलंड शहरी विल्फ्रेड विंकेनबाख नामक एका गृहस्थाच्या तळघरात काही मंडळी जमली होती. त्यांत कोणी वृत्तपत्राचे लेखक, कोणी व्यावसायिक फुटबॉल संघाच्या कचेरीतले, तर कोणी त्या खेळाचे केवळ शौकीन. मैदानावर उतरणारा त्यांत एकही नव्हता. तरीही प्रत्येकाला त्या दिवशी आपापला संघ उभारावयाचा होता. अमेरिकेतील फुटबॉल खेळाडूंची नावे समोर होती. पाळीपाळीने एकेक नाव घ्यावयाचे, एकाने घेतलेले नाव दुसऱ्याने घ्यावयाचे नाही, आणि पुढे हंगाम सुरू झाल्यावर ज्याच्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत जे करून दाखविले त्याचे गुण ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचे, असा तो ठराव होता. १९६२ साली ओकलंडचा संघ दौऱ्यावर न्यूयॉर्कला गेला असता तेथील एका हॉटेलात विंकेनबाख, संघाचे प्रसिद्धी अधिकारी बिल टनेल व ‘ओकलंड ट्रिब्यून’चे लेखक स्कॉटी स्टर्लिंग यांनी हे नियम बसविले होते. आज जगभर ज्याला ‘फॅन्टसी’ खेळ म्हणतात, आणि मराठीत ज्याला मनोराज्यातला संघ म्हणण्यास हरकत नाही, त्याची पहिली रीतसर पंगत ती हीच.

पहिली पाळी अँडी मूसालिमास यांच्या संघाकडे आली. त्या काळी जिम ब्राउन हा अमेरिकन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ धावपटू होता, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. मूसालिमास यांच्या संघाने मात्र नाव घेतले ते जॉर्ज ब्लांडा याचे. ब्लांडा चेंडू फेकतोही आणि लाथेने गोलही साधतो, तेव्हा एका नावात दोन कामे होतील, असा तो हिशेब. ब्राउन दुसऱ्याच्या पदरात पडला, आणि त्याच १९६३ च्या हंगामात त्याने १,८६३ यार्ड धावून त्या वेळचा उच्चांक केला. मनोराज्यातल्या निवडीचा इतिहास असा पहिल्याच पाळीला फसगतीने सुरू झाला! परंतु ही फसगत निव्वळ मूर्खपणाची नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. उत्तम गडी कोणता, हा एक प्रश्न. आणि आपल्या पाळीला घेण्यास योग्य गडी कोणता, हा त्याहून वेगळा दुसरा प्रश्न. मूसालिमास यांनी दुसरा प्रश्न विचारला हे बरोबर केले. उत्तर तेवढे चुकले. पुढील साठ वर्षे असंख्य माणसे हाच प्रश्न घेऊन बसली आहेत, आणि बास्केटबॉलच्या खेळात तर त्याला शास्त्राचे रूप आले आहे.

पाळीने गडी घेण्याची कल्पना मात्र या मंडळींची नव्हे. हुतूतू वा खोखोपूर्वी दोन म्होरके उभे राहून गडी वाटून घेतात, ही रीत आपल्याकडील पोरासोरांनाही ठाऊक आहे. धंद्याच्या खेळात तिला कायद्याचे स्वरूप दिले ते फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचे मालक बर्ट बेल यांनी. महाविद्यालयातून बाहेर पडणारे चांगले खेळाडू श्रीमंत संघ उचलून नेतात आणि दुबळ्या संघांच्या वाट्यास उरलेसुरले येतात. यास्तव मागील वर्षी जो संघ तळाशी असेल त्याला पहिली पाळी द्यावी, अशी सूचना त्यांनी १९३५ साली मांडली. बेल यांचा स्वतःचा संघ तळाशीच असल्याने सूचनेत परमार्थाबरोबर थोडा स्वार्थही होता. १९३६ च्या फेब्रुवारीत पहिली निवड झाली. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. फिलाडेल्फियाने पहिल्या पाळीला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर घेतला. तो पुढे व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही.

बास्केटबॉलवाल्यांनी हीच रीत १९४७ साली उचलली. डॉक्टर जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील शाळेत निर्माण केला; पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून लावले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. धंद्याची म्हणावी अशी नवी संघटना मात्र १९४६ साली स्थापन झाली, आणि दुसऱ्या एका संघटनेशी तिचे १९४९ साली एकीकरण होऊन ती एन.बी.ए. या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४७ च्या निवडीत पिट्सबर्ग संघाने पहिल्या पाळीला क्लिफ्टन मॅकनीली यास घेतले. योगायोग असा, की हा गृहस्थही व्यावसायिक सामन्यात कधी उतरला नाही! टेक्सासमध्ये एका माध्यमिक शाळेतील मुलांना बास्केटबॉल शिकविण्याचे काम त्याने अधिक पसंत केले. दोन्ही खेळांचे पहिले मानकरी घोड्यावर बसलेच नाहीत. निवडणाराला जशी पसंती असते तशी निवडला जाणारालाही असू शकते, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणाच्या मनावर ठसली नाही. ती ठसण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो प्रकार पुढे येईल.

आरंभीची निवड पुरती निर्भेळही नव्हती. आपल्या गावाच्या परिसरातील खेळाडू पाळीबाहेर उचलण्याचा हक्क संघांना १९६५ पर्यंत होता. प्रेक्षक जमावेत हा त्यातला हेतू. १९५९ साली फिलाडेल्फियाने विल्ट चेंबरलेन याला या हक्काने घेतले, तेही तो दूरच्या कॅन्सस विद्यापीठात शिकलेला असताना. त्याची शाळा फिलाडेल्फियाची होती एवढ्या आधारावर. १९६६ पासून दोन तळाच्या संघांत नाणे उडवून पहिली पाळी ठरू लागली. १९६९ साली फीनिक्सने छाप मागितला, काटा पडला, आणि पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने गाजलेला खेळाडू मिल्वॉकीला मिळाला. दोन वर्षांत, म्हणजे १९७१ साली, मिल्वॉकी विजेता ठरली. फीनिक्सला मिळालेल्या नील वॉक याचे नाव आज जाणकारांनाच आठवते.

बास्केटबॉलमध्ये एका पाळीचे एवढे मोल का, याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. मैदानावर एका बाजूचे पाचच गडी असतात आणि सामना ४८ मिनिटांचा. उत्तम खेळाडू त्यांपैकी ३५ मिनिटांहून अधिक काळ खेळू शकतो, आणि चेंडू वारंवार त्याच्याच हाती जातो. क्रिकेटात श्रेष्ठ फलंदाजही पहिल्या चेंडूवर बाद होऊन दिवसभर तंबूत बसू शकतो. बास्केटबॉलचा श्रेष्ठ गडी रोज काही ना काही देतोच. म्हणूनच अंदाज करणाऱ्याला हा खेळ सोयीचा.

तथापि केवळ मोठे नाव पाहून गडी घेणे आणि आपल्या संघात कशाची उणीव आहे ते पाहून घेणे यांतील भेद ज्याने सर्वांआधी ओळखला तो बोस्टनचा प्रशिक्षक रेड ऑअरबाख. १९५६ साली त्याच्या संघात टोपलीत चेंडू टाकणारे पुष्कळ होते. परंतु हुकलेला चेंडू परत मिळविणे, ज्याला रिबाउंड म्हणतात, त्या बाबतीत संघ लंगडा. ऑअरबाखची नजर बिल रसेलवर होती, पण बोस्टनची पाळी फार मागे. पहिल्या पाळीला रॉचेस्टरने सिहूगो ग्रीन यास घेतले. दुसरी पाळी सेंट लुईसची होती. ऑअरबाखने एड मकॉली व क्लिफ हेगन हे दोन नामवंत गडी त्यांना देऊन टाकले आणि बदल्यात रसेल मिळविला. दोन गडी देऊन एक घेणे, तोही नवखा! परंतु पुढील १३ हंगामांत बोस्टनने ११ वेळा अजिंक्यपद मिळविले. रसेलने परत मिळविलेल्या चेंडूंची संख्या २१,६२० भरते. प्रतिपक्षाचे फेकलेले चेंडू त्याने हवेतच किती अडविले हे मात्र कोणीही सांगू शकणार नाही. कारण त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत ते मोजण्याची पद्धतच नव्हती.

या एका बारीकशा गोष्टीवर मनोराज्यातल्या बास्केटबॉलचा सारा इतिहास टेकलेला आहे. अडविलेले चेंडू, म्हणजे ब्लॉक, आणि हिसकावलेले चेंडू, म्हणजे स्टील, यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून होऊ लागली. हातातून गमावलेल्या चेंडूंची, म्हणजे टर्नओव्हरची, खेळाडूवार नोंद १९७७-७८ पासून. दूरच्या रेषेबाहेरून टाकलेल्या टोपलीस तीन गुण देण्याचा नियम एन.बी.ए.ने १९७९-८० मध्ये स्वीकारला. आज जो खेळ सर्वांत रुळलेला आहे त्यात नऊ रकाने असतात: गुण, रिबाउंड, सहकाऱ्याला टोपली साधून देणारे पास म्हणजे असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या टोपल्या, मैदानी नेमाची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. सबब १९७९ पूर्वी हा खेळ या रूपात मांडताच आला नसता. हिशेबाची वही आधी आली; शौक मागून.

वही पुरी झाली त्याच सुमारास शौकाचाही योग जुळला. डॅनियल ओक्रेंट या लेखकाने १९८० साली न्यूयॉर्कमध्ये मित्रांसह बेसबॉलचा असाच खेळ सुरू केला. मंडळी ज्या फ्रेंच उपाहारगृहात जमत त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. त्यात पाळी नव्हती, लिलाव होता. प्रत्येकाजवळ सारखीच रक्कम, आणि तीतूनच सारा संघ विकत घ्यावयाचा. मंडळीत वृत्तपत्रे व प्रकाशनव्यवसायातले लोक बरेच असल्याने बोभाटा झपाट्याने झाला. १९८४ साली नियमांचे पुस्तकही निघाले. हा खेळ शोधून काढणारा ओक्रेंट आपल्या त्या मंडळात कधीच जिंकला नाही, असे सांगतात. पुढे हीच पद्धत बास्केटबॉलला लागू झाली. प्रथम रोजच्या वृत्तपत्रातील सामन्यांचे तक्ते कापून हाताने बेरजा कराव्या लागत. संगणक व इंटरनेट आल्यावर ते कष्ट गेले आणि खेळणारांची संख्या लाखांवर गेली.

आता निवडीचे शास्त्र पाहू. बारा जण खेळत आहेत व प्रत्येकाला तेरा गडी घ्यावयाचे आहेत, असे समजा. म्हणजे एकंदर १५६ गडी घेतले जाणार. एन.बी.ए.त ३० संघ. प्रत्येकी १५ धरले तरी ४५० खेळाडू झाले. तेव्हा १५७ वा खेळाडू कोणालाही केव्हाही फुकट मिळण्याजोगा आहे. यावरून पहिला सिद्धांत निघतो: एखाद्या गड्याचे मोल तो किती गुण मिळवितो यावर नसून, तो गेल्यास त्याच्या जागी जो फुकट मिळेल त्याच्याहून तो किती अधिक देतो, यावर ठरते. सामन्यास वीस गुण मिळविणारे कितीतरी असतात. परंतु सामन्यास तीन चेंडू अडविणारा एखादाच, आणि त्याच्या खालोखालचा दीडावर येतो. अशा वेळी वीस गुणांवाला डोळ्यांत भरतो खरा, पण आधी घ्यावयाचा तो अडविणारा.

गृहिणींना हे शास्त्र शिकविण्याची गरज नाही. सणाच्या आदल्या दिवशी मंडईत गेलेली बाई कांदे-बटाटे आधी घेत नाही. ते संध्याकाळपर्यंत मिळतात. ती आधी केळीची पाने आणि फुले पाहते. आवडीचे काय हा प्रश्न नसतो. संपणारे काय, हा असतो.

दुसरी बाब पाळीच्या क्रमाची. पहिल्या फेरीत एकापासून बारापर्यंत क्रम गेला की दुसरीत तो उलटा, बारापासून एकाकडे येतो. सापाच्या नागमोडी चालीवरून या पद्धतीला नाव पडले आहे. पहिल्याला १ ली व २४ वी पाळी, बाराव्याला १२ वी व १३ वी. दोन्हींची बेरीज २५. वरवर पाहता न्याय चोख झाला. परंतु येथे गणिताचा एक फसवा कोपरा आहे. क्रमांक सारख्या अंतराने उतरतात. खेळाडूंचे मोल तसे उतरत नाही. शिखरावरील दोघा-तिघांत व इतरांत मोठी दरी असते आणि खाली जावे तसा उतार सपाट होत जातो. समजा पहिल्याचे मोल १००, बाराव्याचे ६०, तेराव्याचे ५९ व चोविसाव्याचे ४८ आहे. तर पहिल्या पाळीवाल्यास १४८ मिळाले आणि बाराव्यास ११९. बेरजेचा न्याय आणि मोलाचा न्याय येथे फारकत घेतात. म्हणून काही मंडळे तिसऱ्या फेरीत क्रम पुन्हा न उलटता शेवटच्यालाच प्रथम मान देतात. टोकाला बसणाऱ्याची आणखी एक अडचण असते. त्याला दोन नावे लागोपाठ घेता येतात हे खरे, पण पुढे बावीस नावे जाईपर्यंत हात बांधून बसावे लागते. मध्येच दोघांनी उंच गडी घेतले की तिसरा घाबरतो, चौथा त्याच्या मागे धावतो, आणि बघता बघता त्या जातीचे सारे गडी संपतात. धावणाऱ्यांच्या मागून धावू नये. लोक एका दिशेला पळत असता दुसऱ्या दिशेला चांगला माल स्वस्तात पडलेला असतो.

तिसरी बाब अधिक मौजेची आहे, आणि ती विशेषेकरून बास्केटबॉलची म्हणावी लागेल. दर आठवड्यास एका प्रतिस्पर्ध्याशी नऊ रकान्यांत सामना असेल तर जिंकण्यास पाच रकाने पुरतात. मग नवांचा हव्यास कशाला? एखादा रकाना मुद्दाम सोडून द्यावा, आणि त्या एका दोषामुळे इतरांनी नाकारलेले बलवान गडी गोळा करावेत, अशी ही चाल आहे. शकील ओनील याचे उदाहरण घ्यावे. त्याच्यासारखा धिप्पाड व प्रभावी मध्यरक्षक विरळा. परंतु फ्री थ्रोमध्ये त्याची कारकिर्दीची टक्केवारी केवळ ५२.७. अशा गड्याने दहा फ्री थ्रो टाकले व पाच साधले, तर संघाची टक्केवारी ७५ वर आणण्यास शेकडा ८५ साधणाऱ्या इतर गड्यांनी मिळून २५ फ्री थ्रो टाकावे लागतील. हे ओझे वाहण्यापेक्षा तो रकाना सोडून द्यावा आणि ओनीलच्या जोडीला तसेच आणखी दोघे-तिघे घ्यावेत. फ्री थ्रोत शून्य, पण रिबाउंड, ब्लॉक व मैदानी टक्केवारी यांत कोणी जवळ येणार नाही. एक वैगुण्य पत्करले की तेच वैगुण्य असलेले सारे गडी स्वस्त होतात.

परंतु हीच चाल रोटिसरी पद्धतीत आंधळेपणाने खेळणारा बुडतो. तेथे आठवड्याचे सामने नसतात. साऱ्या हंगामाच्या बेरजा करून प्रत्येक रकान्यात बारा जणांचा अनुक्रम लावतात. पहिल्याला १२, शेवटच्याला १. नऊ रकान्यांचे कमाल गुण १०८. दोन रकाने सोडणाऱ्याने उरलेल्या सातही रकान्यांत पहिला क्रमांक मिळविला तरी त्याची धाव ८६ पर्यंतच. म्हणजे जी युक्ती एका पद्धतीत चातुर्य ठरते तीच दुसरीत आत्मघात. निवडीस बसण्यापूर्वी नियमांचा कागद नीट वाचावा, हा उपदेश अगदी साधा. पण तो न पाळणारांची संख्या पाहता तो पुनःपुन्हा करावा लागतो.

लिलावाची नीती वेगळी. तेथे कोणताही गडी कोणालाही मिळू शकतो. प्रश्न फक्त रकमेचा. मुरब्बी मनुष्य आरंभी आपल्याला नको असलेल्या पण गाजलेल्या खेळाडूचे नाव पुकारतो. इतरांच्या थैल्या हलक्या होऊ द्याव्यात, मग हव्या त्या गड्यावर सावकाश बोली करावी. या लिलावासंबंधी एक गोष्ट मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत खेळाडूंचा लिलाव मनोराज्यापुरता राहिला. प्रत्यक्ष संघ पाळीनेच गडी घेत राहिले. मनोराज्यातला तो लिलाव प्रत्यक्षात उतरला तो मुंबईत, क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगसाठी, २० फेब्रुवारी २००८ रोजी. आठ संघ होते व प्रत्येकाला ५० लाख डॉलरांची मर्यादा होती. काही संघांना आपापल्या प्रांताचा मानकरी खेळाडू लिलावाबाहेर मिळालेला होता. मुंबईला सचिन तेंडुलकर. अट अशी, की मानकऱ्याला त्या संघातील सर्वांत महाग खेळाडूहून शेकडा १५ अधिक द्यावे. महेंद्रसिंग धोनीवर मुंबई व चेन्नई यांच्यात चढाओढ लागली आणि बोली १५ लाखांवर गेली. मुंबईने त्या किमतीस तो घेतला असता तर तेंडुलकरला १७ लाख २५ हजार द्यावे लागले असते. दोघांतच ३२ लाख २५ हजार संपून साऱ्या संघासाठी पावणेअठरा लाख उरले असते. चेन्नईस मानकरी नव्हता, म्हणून तिच्या गळ्यात हे लोढणेही नव्हते. धोनी चेन्नईला गेला. मानकरी नसणे ही वरवर पाहता उणीव. त्या दिवशी तीच चेन्नईची पुंजी ठरली.

प्रत्यक्षातील पाळीच्या निवडीत सर्वांत गाजलेली चूक १९८४ सालची मानतात. पहिल्या पाळीला ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान घेतला. त्यास कोणीही नाव ठेवलेले नाही. दुसरी पाळी पोर्टलंडची. त्यांच्यापाशी क्लाइड ड्रेक्सलर हा गडी आदल्या वर्षीच आलेला होता, आणि मायकेल जॉर्डन त्याच्याच जागेवर खेळणारा. उणीव होती उंच मध्यरक्षकाची. म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला. पायाच्या दुखापतीने बोवीचे महाविद्यालयातील दोन हंगाम वाया गेलेले होते, ही गोष्ट उघड होती. तिसऱ्या पाळीला शिकागोने जॉर्डन उचलला. पाचवा चार्ल्स बार्कली. आणि सोळावा, युटाने घेतलेला जॉन स्टॉक्टन, ज्याचे १५,८०६ असिस्ट व ३,२६५ स्टील हे दोन्ही उच्चांक कारकिर्द संपून दोन दशके लोटली तरी अबाधित राहिले. पोर्टलंडने ऑअरबाखचाच मंत्र म्हटला होता: नाव पाहू नका, उणीव पाहा. मग एकास अकरा अजिंक्यपदे आणि दुसऱ्यास जन्माचा उपहास का? उणिवेचा विचार बहुधा दोन गडी जवळजवळ तोलाचे असताना करावयाचा असतो. बाजारात दुर्मीळ असलेली वस्तू आणि आपल्या घरात नसलेली वस्तू या एकच नव्हेत. जॉर्डन घेऊन त्याच्या किंवा ड्रेक्सलरच्या बदल्यात मध्यरक्षक मिळविता आला असता. बोवीच्या बदल्यात जॉर्डन मिळणे शक्य नव्हते. मनोराज्यातले खेळाडू हाच धडा पहिल्या चार-पाच फेऱ्यांसाठी घोकतात: आरंभी मोल, शेवटी उणीव.

१९८४ च्या हंगामात काही संघ पहिली पाळी मिळावी म्हणून जाणूनबुजून हरत आहेत असा बोभाटा झाला. दुबळ्यास आधार देणाऱ्या नियमाने दुबळे राहण्याचे आमिष निर्माण केले! म्हणून १९८५ पासून सोडत आली. सात पाकिटांतून न्यूयॉर्कचे पाकीट निघाले आणि पॅट्रिक यूइंग तिकडे गेला. ओकलंडच्या मंडळाचे नियम करणारे ते स्कॉटी स्टर्लिंग याच न्यूयॉर्क संघाचे पुढे व्यवस्थापक झाले. पुढे सोडतीतही तळाच्या संघास अधिक संधी मिळू लागली. २०१९ साली तळाच्या तीन संघांना प्रत्येकी शेकडा १४ अशी ती समान करण्यात आली.

या साऱ्या हिशेबात ज्याचे नाव पुकारले जाते त्या माणसाचे काय? मनोराज्यातल्या संघात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे गड्याला आपण कोणाच्या संघात आहोत याची वार्ताही नसते. प्रत्यक्षात मात्र ड्राफ्टमध्ये एका संघाने नाव घेतले की इतर साऱ्यांची दारे बंद होत. महाविद्यालयाची चार वर्षे लोटल्याखेरीज कोणाला घेऊ नये, असाही नियम होता. स्पेन्सर हेवुड हा गरिबीतून वर आलेला तरुण. त्याने सिअॅटल संघाशी आधीच करार केला, आणि गोष्ट १९७१ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निकाल हेवुडच्या बाजूने लागला आणि तो नियम सैल झाला. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन याने खेळाडूंच्या वतीने दावा मांडला होता, तो १९७६ मध्ये तडजोडीने मिटला; ड्राफ्टमध्ये निवडलेल्या गड्यावर संघाची पकड एका वर्षापुरती राहिली, आणि करार संपलेल्या खेळाडूस दुसरीकडे जाण्याची वाट क्रमाने मोकळी झाली. मॅकनीलीने १९४७ साली शाळेत शिकविण्याचा जो मार्ग पत्करला तो हक्क म्हणून नव्हे. त्या संघटनेत त्याच्यापुढे दुसरा संघ निवडण्याचा पर्यायच नव्हता.

पैज लावून मनोराज्यातले संघ खेळण्याचा नाद भारतातही मोठा फोफावला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पैशावाचूनच्या खेळास तिची आडकाठी नाही.

निवडणाऱ्यांच्या फसगती मात्र चालूच आहेत. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हर संघाने ४१ व्या पाळीला सर्बियाचा एक स्थूल, मंदगती वाटणारा तरुण घेतला. नाव निकोला योकिच. त्याचे नाव जाहीर झाले तेव्हा दूरचित्रवाणीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती, आणि तो स्वतः घरी झोपलेला होता. २०२१, २०२२ व २०२४ या तीन वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. गुण, रिबाउंड, असिस्ट आणि टक्केवारी अशा अनेक रकान्यांत एकाच वेळी भर घालणारा त्याच्यासारखा मध्यरक्षक दुसरा सापडत नसल्याने, गेल्या काही हंगामांत मनोराज्यातल्या निवडीत तो पहिल्या दोन-तीन पाळ्यांपलीकडे क्वचितच शिल्लक राहिला आहे.